पहिली चार पानं फाड

बस. वही मिट. लिहून घेण्यासारखं काही नाही, ऐकून घ्यायचं आहे.

गिरणी संपावरची तुझी कथा वाचली. अख्खी वाचली, कारण मला ते भाग आहे. वाचकाला नाही. त्याने दुसऱ्या पानावर मासिक बाजूला ठेवलं असतं. पहिल्या पानावर मुंबईतली पहिली कापड गिरणी, १८५४ साल, कावसजी दावर. दुसऱ्यावर १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा. तिसऱ्यावर अडीच लाख संपकरी, चौथ्यावर लालबाग-परळचा भूगोल. तुझा सखाराम पाचव्या पानावर उगवतो, तोवर त्याला उभं राहायला जागा उरलेली नाही. लग्नात आहेर वाचून दाखवतात, तसं ग्रंथालयातून काय काय आणलंस ते तू वाचून दाखवतोयस. खपलास, दिसतंय. म्हणून ते वाचकाने का सोसायचं?

आता हा संवाद मोठ्याने वाच. "सुमन, तुला माहीतच आहे की १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली आमचा बेमुदत संप सुरू आहे." अडखळलास ना? तिला माहीत आहे, तर हा सांगतो कशाला? घरात पगार येत नाही हे नवऱ्याने बायकोला तारीखवार कळवायचं? अरे, तेव्हा गिरणगावात नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की कोण, ते पोराटोरांनाही ठाऊक होतं. सखाराम एवढंच म्हणेल, "डॉक्टर म्हणतात, अजून थोडं ताणा." त्यावर सुमन म्हणेल, "वाण्याला सांगा की तसं." संप लांबलाय, उधारी थकलीय, नवऱ्याचा नेत्यावर भरवसा आहे आणि बायकोचा सुटत चाललाय. दोन ओळींत आलं सगळं. तारीख हवीच असेल तर वाण्याच्या वहीत घाल. तिथे तारखा असतात.

बदली कामगार म्हणजे काय, यावर तू अर्धं पान घालवलंस, वर कंसात खुलासा. कंस कथेत? त्यापेक्षा संपाआधीची एक सकाळ घे. पहिल्या पाळीला सखाराम डबा घेऊन गिरणीच्या गेटवर उभा आहे. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तरच याला आत घेणार. आज सगळे आलेत. हा तासाभरात परत. सुमन काही विचारत नाही. त्याच्या हातातला डबा घेते, तो जड लागतो, ती तो तसाच फळीवर ठेवते आणि दुपारी त्यातलंच दोघं खातात. झालं. पुढे हाच माणूस संपात उतरला की वाचक आपण होऊन विचारेल, याची नोकरी धड कायमसुद्धा नव्हती, मग हा कशासाठी उपाशी राहतोय? तो प्रश्न उठेपर्यंत तोंड उघडू नकोस. तू मात्र कुणी विचारायच्या आधीच उत्तरं वाटत सुटला आहेस.

आणि आता लगेच दुसरं टोक गाठू नकोस. सगळं प्रसंगातूनच दाखवायचं असतं, हे कुठल्या शिबिरात ऐकून आलास कोण जाणे. त्या नादात राष्ट्रीय मिल मजदूर संघाची कायदेशीर मान्यता तू दोन भावांच्या भांडणात कोंबलीस. भांडणही फुकट गेलं आणि मान्यताही कुणाला कळली नाही. तिथे निवेदकाने सरळ सांगावं: ज्या युनियनवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, तीच कायद्याने त्याच्या वतीने मालकांशी बोलणार होती. एक वाक्य. आभाळ कोसळत नाही. पण ते अशा जागी येऊ दे, जिथे सखारामला त्या कायद्याचा फटका बसतोय.

जयंत पवारांचं 'अधांतर' वाचलंस? नाव ऐकलंयस, म्हणजे नाही वाचलंस. वाच. चाळीतल्या एका कुटुंबातून संपाने झालेली पडझड कशी कळते ते बघ, आणि तिथे कायद्याचं कलम कुणी म्हणून दाखवतं का तेही बघ.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? एवढी माहिती ओतलीस आणि हवी ती नेमकी नाही. सातव्या पानावर सखाराम १८ ऑगस्टला लालबागेत भाच्यासाठी पाटी घेतो आणि रमतगमत घरी येतो. १८ ऑगस्ट १९८२! त्या दिवशी मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं होतं. जाळपोळ झाली, गिरणी कामगारही रस्त्यावर उतरले, लष्कर बोलवावं लागलं. आणि तुझा नायक पाटी घेऊन रमतगमत येतो? कावसजी दावरांचं साल तुला पाठ आहे, पण आपला माणूस ज्या रस्त्यावर उभा केलास तिथे त्या दिवशी काय चाललं होतं, ते बघावंसं वाटलं नाही.

पहिली चार पानं इथेच फाड. सातवं नव्याने लिही. पोलीस तुला समजावून सांगायचे नाहीत, बंड हा शब्दही नको. सखारामला त्यातलं काय दिसलं, दुकान उघडं होतं की शटर ओढलेलं, आणि पाटी घेऊन तो कुठल्या गल्लीतून घरी आला, तेवढंच. गुरुवारी आण.