दंड भरला की हिशोब मिटतो का?

कॅरममध्ये स्ट्रायकर भोकात गेला की दंड म्हणून आपली एक सोंगटी परत बोर्डावर येते. रत्नागिरीत हा नियम कुणाला शिकवावा लागत नाही. आणि स्ट्रायकर मुद्दाम घातला की चुकून गेला, हेही कुणी विचारत नाही. पूलमध्ये तेच. पांढरा चेंडू पॉकेटमध्ये पडला की समोरच्याला 'बॉल इन हँड' मिळतो, म्हणजे तो चेंडू हवा तिथे ठेवून खेळता येतं.

दिवसभर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला असे नियम आवडतात. मनात काय होतं ते तपासायचं नाही. घडलं की नाही, एवढंच बघायचं. पण मग प्रश्न पडतो: दंड ही शिक्षा आहे की किंमत?

नाइन-बॉलमध्ये अडकलेला खेळाडू कधी कधी जाणूनबुजून फाऊल करतो. समोरच्याला बॉल इन हँड देतो, पण त्याच फटक्यात उरलेले चेंडू असे गुंतवून ठेवतो की त्यालाही टेबल साफ करता येऊ नये. ही लबाडी का? मला नाही वाटत. त्याने सगळ्यांदेखत किंमत मोजली. शिवाय नियमाने मर्यादाही घातलीय: सलग ३ फाऊल झाले की तो डाव हरला, आणि दुसऱ्या फाऊलनंतर त्याला तसं बजावावं लागतं.

स्नूकर मात्र हेतूत डोकावतं. तिथे फाऊलला ४ ते ७ गुणांचा दंड असतो. पण खेळाडूने योग्य चेंडूला लागण्याचा पुरेसा प्रयत्नच केला नाही असं पंचाला वाटलं, तर तो 'मिस' देतो. मग समोरचा चेंडू मूळ जागी ठेवायला लावून त्यालाच पुन्हा खेळायला सांगू शकतो. कारण सरळ आहे. समोरच्याने मेहनतीने रचलेल्या पेचातून ४ गुणांत सुटता आलं, तर पेच रचायचा कशाला? ज्याला नो पार्किंगची पावती सहज परवडते, त्याच्यासाठी ती पार्किंगची फीच असते. किंमत स्वस्त पडू लागली की नियमाला हेतू विचारावाच लागतो.

आता तिसरा प्रकार. नेम धरताना क्यूचं टोक पांढऱ्या चेंडूला निसटतं लागलं. चेंडू केसभर हलला. क्लबात पंच नाही, समोरचा मोबाईलमध्ये. यात हेतू अजिबात नव्हता, म्हणजे तिन्हींत सगळ्यात निष्पाप फाऊल हाच. पण पुढच्या क्षणी गप्प राहिलात, तर तो निर्णय पूर्ण शुद्धीत घेतलेला असतो. मुद्दाम फाऊल करणारा निदान दंड तरी भरतो. गप्प राहणारा काहीच भरत नाही, आणि समोरच्याला आपण लुटले गेलो हे कळतही नाही.

स्नूकरमध्ये स्वतःचा फाऊल स्वतः सांगायची रीत आहे. ती निव्वळ सभ्यता नाही. त्या क्षणी टेबलवर दुसरा साक्षीदारच नसतो. 'लागला रे, तुझी पाळी' एवढं म्हटलं की दंड भरला जातो आणि हिशोब खरोखर मिटतो.