मुखवट्यामागचा कारकून

गोळी ज्याच्या छातीवर आपटून खाली पडते, त्याला नाव लपवायची गरज काय? तरीही १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनला डोळ्यांवर चष्मा दिला, खांदे पाडून चालायला लावलं आणि वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरीला बसवलं. दोघंही क्लीव्हलंडमधल्या ज्यू स्थलांतरितांच्या घरातले. चारचौघांत दबून राहणाऱ्या वाचकाला ते सांगत होते, की हे दबलेपण वरवरचं आहे. इथे कचेरीतला हा क्लार्क केंट हाच मुखवटा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या बॅटमॅननेही हीच रीत उचलली, फक्त त्याचा मुखवटा एका चैनी श्रीमंताचा.

आपल्याकडे १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉकचा फँटम घरोघरी गेला. मराठीत तो झाला वेताळ. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि जंगलातल्या लोकांना वाटतं, हा अमर आहे. इथे ओळख माणसाची नसते, गादीची असते. गादी चालवणं आपल्याला नवं नाही. मराठी मुलांना वेताळ इतका जवळचा का वाटला, याचं एक कारण मला यात दिसतं.

खरा पालट झाला १९६२ मध्ये. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा पीटर पार्कर हा अगदी गरीब पोरगा. स्पायडरमॅनचे, म्हणजे स्वतःचेच फोटो तो वर्तमानपत्राला विकतो, कारण घरात पैसा नाही. नाव फुटलं तर शत्रू मे काकूच्या दारात येईल. गुपित आता जिवावरचं झालं.

अशा गुपिताची खरी किंमत आम्हा पनवेलकरांना शेजारीच पाहायला मिळते. गोवा रस्त्यावरचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. पुण्यात ते लष्करी हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना वेळेवर रजा मिळाली नाही आणि तिची अखेरची भेट हुकली. पुढे सरकारचे जमाखर्च लिहिणाऱ्या याच माणसाने त्याच सरकारविरुद्ध रामोश्यांना जमवलं आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर छापा घातला. त्यांची नोकरी खरी होती, राग खरा होता आणि पकडले गेल्यावर मिळालेला एडनचा तुरुंगवासही खरा. १८८३ मध्ये तिथेच ते गेले. दुहेरी आयुष्य हा दुबळ्याचा आडोसा असतो, हे मला कॉमिक्सपेक्षा फडक्यांनी अधिक शिकवलं.

म्हणून २००८ च्या चित्रपटात टोनी स्टार्क पत्रकारांसमोर ‘आयर्न मॅन मीच’ असं जाहीर करतो, तेव्हा मला ते धाडस वाटत नाही. गडगंज कंपनीच्या मालकाला ते परवडतं. पीटरला परवडत नाही.

२०१४ मध्ये स्वतःची कॉमिक मालिका मिळालेली कमला खान मला या सगळ्यांपुढची वाटते. जर्सी सिटीतली पाकिस्तानी वंशाची ही मुलगी शक्ती मिळाल्यावर आधी गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकेचं रूप घेते, कारण नायिका तशीच असते असं तिच्या मनावर ठसलेलं. मग ते रूप सोडून ती स्वतःच्या चेहऱ्याने वावरू लागते. पोशाखही घरातल्या बुर्किनीतूनच बनवते. अखेर ती आईला सगळं सांगायला जाते, तर आईला ते आधीच कळलेलं असतं. लेक लोकांना वाचवते, म्हणून आई देवाचे आभार मानते.