उसने बळ

नांदेड-लातूरकडे गल्लीतल्या खेळात लहानग्यास 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. तो बाद होत नाही, परंतु त्याच्या धावण्यास किंमतही नसते. ही दया झाली, सन्मान नव्हे. २००४ साली निघालेल्या 'सिटी ऑफ हीरोज' या इंटरनेटवरील अतिमानवांच्या सामुदायिक खेळात निराळी योजना होती. मुरलेला खेळाडू नवख्यास जोडीला घेई, आणि जोडी टिके तोवर नवख्याचे बळ त्याच्याहून एकच पायरी खाली राही. त्याचा घाव खरोखर लागे. हे बळ उसने, असे कोणी म्हणेल. असेना! खेळाची गोडी त्यातच होती. आमच्या वर्गात खेड्यातून आलेल्या मुलास आम्ही प्रेमाने बसवितो. अवघड प्रश्न मात्र त्यास विचारीत नाही. तोही हे ओळखून असतो.