कोरे पत्र आणि हरिश्चंद्रगडाची वाट

हरिश्चंद्रगडावर जाणारा जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी मोजत असतो. पाचनईहून निघालो तर किती वेळ, खिरेश्वरहून तोलार खिंडीच्या वाटेने आलो तर किती. मनगटावरचे घड्याळ पावले मोजते, मोबाईल उंची दाखवतो. ती १४०० मीटरच्या पुढे जाते. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला मोजण्यात काही गैर वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे की मोजलेले सारे कोणाच्या खात्यावर जमा होते?

पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी. पहाटे निघालात तर सकाळीच वर पोहोचता. एका बाजूला खोल ओढा, दुसऱ्या बाजूला डोक्यावर पुढे झुकलेला कातळ. तिथे आपल्या चालण्याकडे लक्ष द्या. पुढे कोणी चालत असेल तर पाय आपोआप वेग घेतात. मागचा धापा टाकू लागला की आपल्याला उगाच बरे वाटते. डोंगराने आपल्याला कोणतीही शर्यत लावायला सांगितलेले नसते.

पावसाळ्याच्या सुमारास गडाच्या पश्चिमेच्या कोकणकड्यावर कधीकधी एक विलक्षण दृश्य दिसते. पाठीशी सकाळचे ऊन आणि समोर दरीत दाट धुके असेल, तर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती गोल इंद्रधनुष्य उमटते. लोक याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हवामानविषयक निबंधात या गडावरच्या अशा वर्तुळांची नोंद केली आहे. पण यातली खरी गंमत पुढेच आहे. कड्यावर दहा जण थोड्या अंतराने उभे असले, तर प्रत्येकाला ते तेजोवलय फक्त स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती दिसते. शेजाऱ्याचे डोके त्याला साधेच दिसते. आणि शेजाऱ्यालाही नेमके हेच वाटत असते! प्रकाशाचा हा नियम आहे, त्यात कोणाचा दोष नाही. मात्र घरात, कचेरीत, भावाभावांत आपण रोज असेच उभे असतो, हे त्या कड्यावर एकदा तरी लक्षात यावे.

आता कड्यावरून परत देवळाकडे या. हरिश्चंद्रेश्वराचे हे दगडी मंदिर आणि भोवतालची लेणी चांगदेवांच्या तपश्चर्येची जागा मानली जाते. परंपरा सांगते की चांगदेव चौदाशे वर्षे जगले, वाघावर बसून फिरले, सर्व सिद्धी त्यांच्या हाताशी होत्या. मोजायचेच ठरवले तर त्यांच्याइतकी जमा कोणाच्या खात्यावर असेल? असे चांगदेव ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यावरच अडले. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने हा मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर समोर कालचे पोर. शेवटी कागद तसाच कोरा पाठवला.

ही कथा सांगताना आपण चांगदेवांना थोडे हसतो. ते पत्र पाहून, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असे मुक्ताई म्हणाली तेही आपल्याला आवडते. मला मात्र वाटते, चांगदेवांचा मोठेपणा याच पत्रात आहे. खोटा मायना त्यांनी लिहिला नाही. आणि मायना सुचत नाही म्हणून पत्र पाठवायचेही ते थांबले नाहीत. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्ञानदेवांनी ६५ ओव्या लिहिल्या, ती चांगदेव पासष्टी. तिच्यात वडीलकीचा आव कुठेच नाही. पत्र धाडणारा आणि उत्तर देणारा मुळात वेगळे नाहीत, हाच तिचा विषय. पुढे या वृद्ध योग्याने लहानग्या मुक्ताईला गुरू मानले. त्यांच्या ‘तत्त्वसार’ या ग्रंथात शके १२३४, म्हणजे इ.स. १३१२ चा काळ दिला आहे आणि तो याच गडावर रचला असे मानतात. ज्ञानदेवांच्या समाधीला तेव्हा १६ वर्षे झाली होती.

देवळाजवळच केदारेश्वराची गुहा आहे. मोठ्या शिवलिंगाभोवती चार खांब होते, आज एकच धड उभा आहे. ते चार युगांचे खांब, असे लोक मानतात. प्रदक्षिणा घालायची तर बर्फासारख्या गार पाण्यात कमरेएवढे उतरावे लागते, त्याआधी बूट, पाठीवरची पिशवी, घड्याळ, मोबाईल सारे काठावर ठेवावे लागते. घाई करू नका. पाणी वाहते असेल तर उतरूही नका, बाहेरूनच नमस्कार करा.

मग देवळाच्या ओसरीत जरा टेका आणि पिशवीतून एक कोरा कागद काढा. घरून निघताना तो आठवणीने ठेवा. तुमच्या आयुष्यात असा एक जण नक्की असेल ज्याच्याशी बोलणे थांबले आहे. वाटणीवरून दुरावलेला भाऊ असेल, लग्नातल्या मानपानावरून रुसलेली आत्या असेल, किंवा उसने पैसे परत न केलेला मित्र. कारण जुने झाले, आता अडले आहे ते फक्त आधी कोणी बोलायचे यावर. त्यांचा मायना लिहून पाहा. पेन थांबले तर थांबू द्या, चांगदेवांचेही थांबले होते. खाली वाऱ्याचा आवाज आणि देवळातली एखादी घंटा एवढेच ऐकू येत असेल.

उजेड असेपर्यंत उतरायला लागा. पाचनईत पिठलं-भाकरी मिळते. दुसऱ्या दिवशी कागद पाकिटात घाला, त्यावर काही लिहिले असो वा नसो, आणि टपालपेटीत टाका. पत्ता मात्र नीट लिहा, पिनकोडसह.