मन रिकामे असताना दिलेला शब्द



पावसाळा लागला की आपण कोल्हापूरकर सकाळी उठून आधी एक आकडा पाहतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आली? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर लहान मुलांनाही हे आकडे पाठ झाले आहेत. माणसाच्या मनात पाणी चढते तेव्हा मात्र मोजायला अशी पट्टी नसते. चर्चमध्ये आपल्याच बाकावर बसलेला माणूस गळ्यापर्यंत बुडालेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

४ ऑगस्ट हा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण. ते आम्हा धर्मग्रामाच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत. त्या दिवशी तुम्ही आम्हाला फुले देता, आमच्यासाठी प्रार्थना करता. त्या निमित्ताने यंदा धर्मगुरुपदाविषयी काही लिहावे असे ठरवले होते. पण त्याआधी आपल्यातीलच एक माता मला भेटून गेली आणि लेखाचा विषयच बदलला. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपतच सांगतो. ती म्हणाली, “फादर, गेले चार महिने मला कशातच काही वाटत नाही. मिस्साला येते, ख्रिस्तप्रसाद घेते, आत सगळं कोरडं. नवऱ्याजवळ बसते, तेही परक्यासारखं. देवाला आणि नवऱ्याला मी शब्द दिला होता. आता तो खोटा झाला का?”

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही, कारण हाच प्रश्न एकदा मी स्वतःला विचारला होता.

गुरुदीक्षेनंतर काही वर्षांनी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, माझी झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची आणि उजाडेपर्यंत छतावर नजर लागायची. जेवण नकोसे झाले. वेदीवर उभा राहून प्रभूचे शब्द उच्चारताना आपण विजेचे बिल वाचत आहोत असे वाटे. लोक समोर गुडघे टेकत, आणि मला वाटे, मी ह्यांना फसवतो आहे. एका ज्येष्ठांना सांगितले, तर ते म्हणाले, “विश्वास कमी पडतोय. जपमाळ वाढव.” जपमाळ वाढवली. तिने माझे काही बिघडले नाही, पण झोप आली नाही. शेवटी नर्सचे काम करणाऱ्या एका सिस्टरने विचारले, “फादर, टायफॉइड झाला असता तर तुम्ही काय केलं असतं?” मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नैराश्य हा आजार सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही आठवडे काहीच फरक वाटला नाही, मग हळूहळू झोप परत आली. दीड वर्ष औषध घेतले. आजही कधी कधी पाणी चढते, पण आता मला ते ओळखता येते. हे मी आजवर या व्यासपीठावरून बोललो नव्हतो. लाज वाटत होती, हे खरे कारण.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मनात भावनाच उरली नसेल तर दिलेले वचन खोटे होते का?

आपल्या मराठीत इथे एक अडचण आहे. बायबलमध्ये आपण ‘जुना करार’, ‘नवा करार’ म्हणतो, आणि घर भाड्याने देताना स्टॅम्पपेपरवर करतो तोही करारच. शब्द एक, पण वस्तू दोन. भाडेकरारात दोन्ही बाजूंच्या अटी असतात. एकाने अट मोडली की दुसरा मोकळा. आपल्यापैकी बरेच जण देवाशी असलेले नातेही असेच समजतात: मी भक्तीचे भाडे वेळेवर भरीन, तू मला घरात ठेव. मग आजारपणात भक्तीचा हप्ता थकला की वाटते, आता घराबाहेर काढणार.

उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो तो प्रसंग आठवा. हिब्रू भाषेत करार ‘करणे’ म्हणत नाहीत, करार ‘कापणे’ म्हणतात. जनावरे मधोमध चिरून समोरासमोर ठेवायची आणि त्या तुकड्यांमधून चालत जायचे. अर्थ असा की मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो. पण अब्राहामाच्या बाबतीत काय घडले? सूर्य मावळताना त्याला गाढ झोप लागली, त्याच्यावर दाट, भीतिदायक काळोख पसरला, आणि त्या काळोखात धुमसणारी शेगडी व पेटती मशाल त्या तुकड्यांमधून गेली. देव एकटा गेला. अब्राहाम चाललाच नाही. तो अंधारात पडून होता आणि त्याच वेळी करार झाला. उद्या अब्राहामाच्या मनात काय असेल, यावर देवाने तो टांगून ठेवला नाही.

धर्मगुरुपदाचेही असेच आहे. पुरोहित कशामुळे पुरोहित होतो, हा प्रश्न या शहराला नवा नाही. १८९९ साली पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी राजपुरोहित शाहू महाराजांसाठी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे लक्षात आले आणि त्यातून वेदोक्त प्रकरण पेटले. अधिकार जन्माने मिळतो का, असा तो वाद होता. पुढे १९२० मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचे पीठच निर्माण केले. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा सातवा अध्याय याच प्रश्नाशी झुंजतो. येशू लेवीच्या वंशातला नव्हता, यहूदाच्या वंशातला होता. नियमशास्त्राने पाहिले तर त्याला याजक होण्याचा हक्कच नव्हता. पत्राचा लेखक म्हणतो की तो मल्कीसदेकाप्रमाणे याजक आहे, ज्याची वंशावळ शास्त्रात नोंदलेलीच नाही. म्हणजे याजकपण कुळातून आले नाही, देवाच्या बोलावण्यातून आले. (जातपात आपण चर्चच्या दारात ठेवून आलो असे मात्र कोणी छातीवर हात ठेवून म्हणू नये. तो विषय पुन्हा कधीतरी.)

कुळातून नाही, हे मान्य. मग स्वतःच्या योग्यतेतून तरी येते का? चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावर ख्रिस्तसभा फुटली. सम्राट डायोक्लेशियनच्या छळाच्या काळात काही धर्मगुरूंनी भीतीपोटी पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले होते. दोनातूसच्या अनुयायांचे म्हणणे असे की अशा हातांनी दिलेले संस्कार फुकट. संत ऑगस्टीन यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षे याला उत्तर देण्यात घालवली. त्यांच्या म्हणण्याचे सार असे: स्नानसंस्कार पेत्राच्या हातून झाला काय किंवा यहूदाच्या हातून झाला काय, देणारा ख्रिस्तच असतो. ही शिकवण धर्मगुरूला मोकाट सोडण्यासाठी नाही, तुम्हाला निश्चिंत करण्यासाठी आहे. आणि पापी हातांतूनही कृपा अडत नसेल, तर आजारी हातांतून ती कशी अडेल? नैराश्य हे पाप नाही. मी कोरड्या मनाने अर्पण केलेल्या त्या मिस्सा खोट्या नव्हत्या. त्या माझ्या मालकीच्याच नव्हत्या.

इथपर्यंत तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी सहज पोहोचलो असतो. पण पुढे एक खाच आहे. आपण प्रवचनात नेहमी सांगतो, प्रेम म्हणजे भावना नव्हे, प्रेम म्हणजे निश्चय. लग्नाच्या तयारीच्या वर्गातही मी हेच सांगत आलो. निरोगी माणसाला हे उत्तर पुरते. नैराश्यात मात्र निश्चय करणारे मनच आजारी पडलेले असते. अंथरुणातून उठून तोंड धुणे हाच जिथे डोंगर होतो, तिथे ‘भावना नसू दे, निश्चय कर’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला काठीशिवाय धावायला सांगणे. ते उपदेशाचे वाक्य मी त्या मातेला सांगितले असते, तर तिच्या ओझ्यावर आणखी एक दगड ठेवला असता.

मग काय उरते? करारातली दुसरी बाजू उरते, आणि सोबतची माणसे उरतात.

एलिया संदेष्ट्याचे पाहा. कार्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवणारा माणूस रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही, विश्वासावर व्याख्यान देत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घालतो. वाट लांबची आहे एवढेच सांगतो. मोशेचे हात लढाईच्या वेळी जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी ते सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. आणि मार्कच्या शुभवर्तमानातला पक्षाघाती माणूस? त्याच्या स्वतःच्या विश्वासाबद्दल तिथे एक अक्षर नाही. चौघांनी छप्पर उघडून त्याला खाली सोडले आणि येशूने त्यांचा विश्वास पाहिला. एकाचा विश्वास अंथरुणाला खिळतो तेव्हा चौघांचा त्याला उचलतो. बाप्तिस्म्याने आपण सगळेच याजकगण झालो, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ‘ख्रिस्तसभा’ या विषयावरील सैद्धांतिक दस्तऐवजात पुन्हा ठासून सांगितले. त्या याजकपणाचा अर्थ मला तरी असा दिसतो: जो आज प्रार्थना करू शकत नाही, त्याच्या वाटची प्रार्थना करणे.

संतही यातून सुटले नाहीत. व्हियानी १८१८ मध्ये आर्स गावी आले आणि १८५९ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिले. पण आपण या कामाला नालायक आहोत, या विचाराने ते एकाहून अधिक वेळा गाव सोडून निघाले होते. १८५३ मध्ये गावकऱ्यांनीच त्यांना अडवून परत आणले. कोलकात्याच्या संत तेरेसा यांची पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की त्यांनी सेवेची जवळजवळ सारी वर्षे अंतरीच्या काळोखात काढली होती. त्यांना नैराश्याचा आजार होता असे मी म्हणणार नाही. आध्यात्मिक काळोख आणि आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी कधी एकाच घरात राहत असल्या तरी. झोप, भूक, काम, रस, सगळेच दोन आठवड्यांहून अधिक काळ कोलमडले असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. काळोख आध्यात्मिक असेल तर तो गोळीने घाबरून पळणार नाही.

तीन गोष्टी स्पष्ट सांगतो.

पहिली, करार म्हणजे फास नव्हे. देवाने शब्द पाळला म्हणून तुम्ही घरात मार खात राहावे, असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. आजारी असताना रजा घेणे, जबाबदारी थोडे दिवस दुसऱ्याच्या खांद्यावर देणे, याने वचन मोडत नाही. हे आम्हा धर्मगुरूंनाही लागू आहे.

दुसरी, ज्या घरात कोणी स्वतःचे जीवन संपवले, त्या घराविषयी कुजबूज करू नका. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभा सांगते की गंभीर मानसिक त्रासात माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशांच्या तारणाची आशा आपण सोडू नये. आपण त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. मागायला संकोच करू नका.

तिसरी, मदत जवळ आहे. सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर फोन लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. औषध सुरू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आणि रुग्णाभ्यंग हा संस्कार केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. गंभीर मानसिक आजारातही तो मागा, मी घरी येईन.

त्या मातेला मी अखेर काय सांगितले? दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी आम्ही धर्मगुरू अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र म्हणतो. बाकीची रडणारी स्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते काढून टाकले नाही, उलट आमच्या तोंडी दर आठवड्याला घातले. मी तिला म्हणालो, “बाई, तुम्हाला काही वाटत नसताना तुम्ही येऊन बसता, हीच तुमची प्रार्थना. तेवढेही जमले नाही तर घरी झोपून राहा. शुक्रवारी रात्री ते स्तोत्र मी तुमच्या नावाने म्हणेन.” तिने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. पहिल्या भेटीला तिचा नवराही सोबत गेला होता. अजून तिला बरे वाटत नाही. पण शब्द खोटा झाला का, हा प्रश्न तिने पुन्हा विचारलेला नाही.

४ ऑगस्टला फुले आणू नका. त्याऐवजी बाकावर शेजारी जो कोणी गप्प बसलेला असेल, त्याला मिस्सा संपल्यावर चहाला थांबवा. आणि जमले तर माझे हातही थोडे धरून ठेवा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो.

ख्रिस्तात आपला,
धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू