झाकलेली सोंगटी

गोष्ट झाकून ठेवणे म्हणजे असत्य आचरणे होय काय, हा प्रश्न धर्मविचारात फार जुना आहे. तो बहुधा युद्ध, राजकारण, प्राणसंकट अशा मोठ्या प्रसंगांच्या निमित्ताने विचारला जातो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर देताना बुद्धी प्रसंगाच्या तीव्रतेने ओढली जाते. हाच प्रश्न एखाद्या बैठ्या खेळाच्या निमित्ताने विचारला तर त्याची अंगे अधिक स्वच्छ दिसतात. कारण खेळात भय आणि लोभ थोडे असतात, नियम मात्र पुरते ठरलेले असतात.

असा एक खेळ युरोपात प्रसिद्ध आहे. त्याचे नाव स्ट्रॅटेगो. फ्रान्समधील एर्मान्स एदाँ या बाईंनी १९०८ साली पेटंटासाठी दाखल केलेल्या ‘लाताक’ या खेळापासून तो निघाला, आणि हॉलंडमध्ये त्यास आजचे रूप आले. शंभर घरांचा पट; मध्ये दोन तळी, त्यांत कोणाचाच प्रवेश नाही; दोन खेळाडूंच्या प्रत्येकी चाळीस सोंगट्या. सोंगटीची पाठ प्रतिपक्षाकडे असते, चिन्ह केवळ धन्यास दिसते. एक ध्वज, सहा सुरुंग, एक हेर, आठ टेहळे, सुरुंग काढणारे पाच, आणि सार्जंटापासून मार्शलापर्यंत चढत्या अधिकाराचे सैनिक. ज्याने दुसऱ्याचा ध्वज हस्तगत केला तो जिंकला. बुद्धिबळात राजा कोठे आणि वजीर कोठे हे दोघांनाही दिसते. गुप्त असतो तो केवळ प्रतिपक्षाचा विचार. येथे सैन्यच गुप्त आहे. म्हणून दुबळ्या शिपायास मार्शलाच्या ऐटीत पुढे काढणे, ध्वज नसलेल्या कोपऱ्यास सुरुंगांचा वेढा देणे, ही या खेळातील नित्याची हातोटी होय.

यावर पूर्वपक्ष सहजच उभा राहतो. ज्या खेळात चेहरा निर्विकार ठेवून दुसऱ्याच्या मनात खोटी समजूत उत्पन्न करण्याचे शिक्षण मिळते, तो मुलांच्या हाती देणे म्हणजे छलाचा संस्कार करणे नव्हे काय? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. संस्कार खेळातूनही होतात, किंबहुना खेळातूनच अधिक होतात.

परंतु प्रथम ‘छल’ हा शब्दच तपासून घ्यावा. न्यायशास्त्रात छल म्हणजे बोलणाऱ्याच्या वचनास त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्यास खोटे पाडणे. ‘नवकम्बल’ हे त्याचे ठरलेले उदाहरण: वक्त्यास म्हणावयाचे आहे की याच्याजवळ नवी घोंगडी आहे, छलवादी म्हणतो, नऊ कोठे आहेत, एकच तर दिसते! येथे काही लपविलेले नाही, सर्व उघड्यावर आहे, आणि तरीही कपट आहे. तेव्हा लपविणे आणि छल या दोन गोष्टी एकत्र असू शकतील, पण एक नव्हेत. गीतेच्या दहाव्या अध्यायातील विभूतींमध्येही छल करणाऱ्यांच्या संबंधाने द्यूताचा उल्लेख छत्तिसाव्या श्लोकात येतो, आणि गुह्याच्या संबंधाने मौनाचा उल्लेख अडतिसाव्यात. दोहोंची गणना निरनिराळी केलेली आहे, हे अभ्यासकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता त्या खेळाचा एक नियम पाहावा; सगळा विचार त्या नियमावर टेकलेला आहे. एक सोंगटी दुसरीवर चालून गेली की त्या क्षणी दोघांनीही आपापल्या सोंगटीचा खरा दर्जा सांगावा लागतो. तेथे मौन चालत नाही, अर्धवट उत्तर चालत नाही. स्पर्श होईपर्यंत झाकण्याचा पूर्ण अधिकार, स्पर्श होताच सत्य सांगण्याचे पूर्ण बंधन. जो खेळाडू पाच डाव बेमालूम हुलकावण्या देतो त्यास चतुर म्हणतात; पण स्पर्शाच्या वेळी एकदा जरी त्याने कॅप्टनास मेजर म्हटले, तर त्याच्याशी पुन्हा कोणी पट मांडणार नाही. (चीनमधील याच जातीच्या एका खेळात तर तिसरा मनुष्य पंच म्हणून बसवितात. तो दोन्ही सोंगट्या पाहतो, कोणती मोठी एवढेच सांगतो, आणि त्या काय होत्या ते आपल्यापाशीच ठेवतो. सत्य आणि गुह्य दोन्ही एकाच मनुष्याने सांभाळण्याची ही व्यवस्था मोठी मनोवेधक आहे.)

याचा अर्थ असा की हा खेळ गोपनाचा असला तरी त्याचा पाया सत्याचा आहे. दोघांत आधीच एक समय, म्हणजे करार, झालेला आहे. प्रतिपक्ष काही झाकणार आहे हे प्रत्येकास ठाऊक आहे, आणि त्यास ते मान्य आहे. हुलकावणी ज्यास मिळते त्याचा विश्वास मोडत नाही. त्याचा अंदाज चुकतो. विश्वास मोडणे आणि अंदाज चुकणे यांतील अंतर पूर्वपक्षी विसरतो.

येथे एक आधुनिक वृत्त उपयोगी पडेल. २०२२ साली डीपमाइंड या संस्थेने हा खेळ खेळणारे एक गणकयंत्र प्रसिद्धीस आणले. त्यास माणसांचे डाव दाखविलेले नव्हते; ते स्वतःशीच असंख्य डाव खेळून शिकले आणि निष्णात खेळाडूंच्या पंक्तीस जाऊन बसले. आश्चर्य असे की हुलकावणी देणेही ते आपोआप शिकले: हलक्या सोंगटीने भारी सोंगटीचा असा पाठलाग करावयाचा की प्रतिपक्षास ती सर्वांत मोठी वाटावी. यंत्रास वंचनेची इच्छा नाही, लज्जा नाही, द्वेष नाही. मग त्या चालीस असत्य म्हणावे काय? म्हणता येत नाही. पण मनुष्याची तीच चाल निर्दोष ठरते ती मात्र याच कारणाने नव्हे. मनुष्यास संकल्प असतो, त्याचा हेतू प्रतिपक्षाची समजूत फसविण्याचाच असतो. त्याला निर्दोष करतो तो केवळ करार.

करार नसेल तेथे काय? ‘स्ट्रॅटेगो’ हे नाव हॉलंडमध्ये १९४२ साली नोंदविले गेले, तेव्हा तो देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. त्याच वर्षी ६ जुलै रोजी ॲमस्टरडॅममध्ये फ्रँक हे ज्यू कुटुंब एका कचेरीच्या मागील भागात लपून राहावयास गेले. पुढे तेथे आठ माणसे झाली. आत जाण्याचे दार पुस्तकांच्या फिरत्या कपाटामागे झाकलेले होते. त्याच कचेरीत काम करणारी काही मोजकी माणसे आत अन्न पोचवीत आणि बाहेर येऊन, मागे कोणीच नाही अशा मुद्रेने दिवसभर व्यवहार करीत. दोन वर्षे हे चालले. ४ ऑगस्ट १९४४ रोजी त्या आठांना पकडण्यात आले; त्यांपैकी कन्येची रोजनिशी पुढे प्रसिद्ध करणारे ओटो फ्रँक तेवढे छावणीतून जिवंत परतले. कपाटाबाहेर निर्विकार चेहऱ्याने बसणाऱ्या त्या माणसांनी सत्य सोडले असे म्हणण्यास जीभ रेटत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याची जीभ कदाचित रेटली असती. १७९७ साली त्याने एका लेखात असे प्रतिपादन केले की दारात आलेल्या खुन्याने विचारले तरी त्यास खोटे सांगण्याचा अधिकार मनुष्यास नाही. त्याची भीती पोकळ नव्हती. वचनावरचा भरवसा एकदा सैल झाला की सर्वच करार सैल होतात, असे त्याचे म्हणणे. पण महाभारताने हा प्रसंग पूर्वीच तोलून पाहिला आहे. कर्णपर्वातील कौशिक ब्राह्मण सदा सत्य बोलण्याचे व्रत घेऊन बसला होता. लुटारूंनी विचारताच त्याने वनात लपलेल्या माणसांची वाट दाखविली, ती माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकास गेला. श्रीकृष्णाचा निर्णय तेथे पायरीपायरीने येतो. न बोलता निभावत असेल तर बोलूच नये. न बोलण्यानेच संशय येत असेल तर तेथे अनृत श्रेयस्कर. मौनास प्रथम स्थान दिले आहे, अनृतास नंतरचे, आणि तेही केवळ घातक्यासमोर. योगसूत्रांवरील व्यासभाष्याचा रोखही हाच आहे: दुसऱ्यास आपला बोध पोचविण्यासाठी वाणी असते, म्हणून ती वंचना करणारी नसावी, परंतु जी प्राण्यांच्या घातास कारण होते ती सत्यासारखी दिसली तरी पुण्याचा आभास होय.

हे दोन छेडे झाले: एकीकडे खेळ, जेथे दोघांचा करार आहे, दुसरीकडे घातकी, ज्यास विचारण्याचा अधिकारच नाही. कठीण आहे तो मधला प्रदेश, आणि त्यासाठी युधिष्ठिराकडेच वळावे लागते.

द्रोणपर्वात सांगितले आहे की त्याचा रथ पूर्वी भूमीपासून चार अंगुळे वर चालत असे, आणि अश्वत्थाम्याविषयीच्या त्या एका उत्तराने तो खाली टेकला. या ‘पूर्वी’ शब्दाचा विचार सहसा कोणी करीत नाही. त्या दिवसापूर्वी अज्ञातवासाचे पुरे वर्ष होऊन गेले होते. त्या वर्षी युधिष्ठिर ‘कंक’ हे नाव घेऊन विराटाच्या सभेत फासे खेळत होता. त्याने नाव झाकले, कूळ झाकले, शस्त्रे शमीवर झाकून ठेवविली. तरी रथ वरच होता! कारण लपण्याची अट कौरवांनीच घातलेली होती. पांडव कोठे तरी वेष पालटून आहेत हे दुर्योधनास ठाऊक होते आणि त्याचे हेर देशोदेशी धुंडाळीत होते. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षे वनवास, हेही ठरलेले. पट मांडलेला होता, सोंगट्यांची पाठ प्रतिपक्षाकडे होती, आणि न ओळखले जाण्याचा वर तर साक्षात यमधर्माने दिलेला होता.

द्रोणाचार्यांचे तसे नव्हते. भीमाने हत्ती मारून आरोळी दिली, तिच्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. युद्धात शत्रू हुलकावणी देणारच. ते मुद्दाम युधिष्ठिराकडे आले, कारण हा मनुष्य विचारल्यावर खोटे सांगत नाही. तो स्पर्शाचा क्षण होता. तेथे ‘अश्वत्थामा’ मोठ्याने आणि ‘हत्ती’ अस्पष्ट उच्चारला गेला. शब्दशः पाहता असत्य एकही अक्षर नाही. नऊ घोंगड्यांचाच तो प्रकार, उलट्या बाजूने. वर्षभराच्या वेषांतराने जे गेले नाही ते एका खऱ्या वाक्याने गेले.

तथापि येथे कोणी विचारील की विराटाचे काय? तो कराराचा पक्ष नव्हता. त्याने सद्भावाने आश्रय दिला आणि त्यासच वर्षभर अंधारात ठेवले. ही शंका बळकट आहे, आणि करार होता एवढ्या उत्तराने ती फिटत नाही. व्यासांनीही ती टाळलेली नाही. कंकाच्या तोंडावर विराटाने रागाने फासे फेकून मारल्याचा आणि त्याच्या नाकातून रक्त आल्याचा प्रसंग त्यांनी मुद्दाम घातला आहे. ज्यास झाकलेले ठाऊक नसते त्याच्या हातून अपराध घडतो, आणि त्या अपराधाचा वाटा झाकणाऱ्याकडेही येतो. युधिष्ठिराने ते रक्त भूमीवर पडू दिले नाही, द्रौपदीने ते पात्रात धरले. राजावर अनिष्ट येऊ नये ही काळजी झाकणाऱ्यानेच वाहिली.

याहून सूक्ष्म गोष्ट अर्जुनाची. बृहन्नडेच्या रूपात तो अंतःपुरात उत्तरेस नृत्य शिकवीत होता. मुदत सरली, पांडवांनी आपण होऊन ओळख दिली, आणि विराटाने कृतज्ञतेने उत्तरा अर्जुनास देऊ केली. देणारा राजी होता, रूढीची आडकाठी नव्हती. अर्जुन म्हणाला की वर्षभर ती आपल्याजवळ पित्याच्या विश्वासाने वावरली आहे; तेव्हा पत्नी म्हणून तिचा स्वीकार होणार नाही, स्नुषा म्हणून होईल. वेषामुळे लाभलेल्या विश्वासाचा वेष उतरल्यावर उपभोग घेण्याचे त्याने नाकारले, आणि उत्तरेचा विवाह अभिमन्यूशी झाला.