शिक्षा कुणाला?

संस्कृतात ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ शिकवण, विद्या. मराठीत येता येता तो दंड असा झाला. हिंदी बोलणाऱ्याच्या घरी मुलाला चांगली शिक्षा मिळाली म्हणजे आईबाप संतोषतात. आपल्याकडे तेच शब्द ऐकून आईचा चेहरा उतरतो. ही गंमत हसून सोडून देता येईल. पण भाषा पुष्कळदा आपल्या मनाची चुगली करीत असते. विद्या आणि दंड एकाच शब्दात नांदू लागले, याचे एक कारण मला असे वाटते की शाळेच्या दारात आपण त्यांना फार काळ शेजारी शेजारी उभे केले होते.

कोल्हापूरच्या माणसाला तर हा विचार टाळताच येत नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. पुढे १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. या सक्तीला जुलूम म्हणवत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी नुसते दार उघडून भागत नव्हते. हात धरून आत न्यावे लागत होते.

परंतु चांगल्या हेतूने केलेली सक्तीही सक्ती करणाऱ्याच्या डोक्यावर ऋण ठेवून जाते. मुलाच्या आयुष्याची कोवळी वर्षे आपण त्याला न विचारता मागून घेतो. घेतले म्हणजे देणे आले. मूल शाळेत आले नाही तर दंड बापाला, हे महाराजांनी ठरवून दिले. पण मूल आले, बसले आणि काही न शिकताच उठले, तर दंड कुणाला?

हा प्रश्न आज मोठा झाला आहे. ग्रामीण भारतात सहा ते चौदा वर्षांच्या शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक मुलांची नावे आता शाळेच्या पटावर आहेत. मात्र २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालांसाठी स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलांपुढे एक साधा कागद धरतात. त्यावर काही अक्षरे, काही शब्द, एक लहान उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट असते. पाचवीतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना ती गोष्ट नीट वाचता येत नाही, असे २०२४ च्या पाहणीतही दिसले. या मुलांना आपण काय म्हणतो? ‘ढ’. ब्राह्मीपासून आजवर या अक्षराचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून न सुधारणाऱ्या मुलाला ते नाव पडले, असे सांगतात. म्हणजे देणे आपले थकले आणि दंड भरतो आहे तो दहा-अकरा वर्षांचा जीव.

यातून सुटण्याची वाट मुलाच्या चुकीतूनच जाते, असे मला वाटते. १९२० च्या सुमारास झ्याँ पियाजे हा तरुण स्विस अभ्यासक पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांचे काम करीत होता. त्याचे लक्ष वेधले ते चुकीच्या उत्तरांनी. त्या उत्तरांमागे मुलांचा स्वतःचा असा एक विचार होता. आपल्या घरातही हे दिसते. ‘एकशे पंचवीस लिही’ म्हटले की एखादे मूल १००२५ लिहिते. त्याने शंभर ऐकले, शंभर लिहिले. पंचवीस ऐकले, पंचवीस लिहिले. दुसरे मूल पंचवीसचे ५२ करते, कारण त्याच्या कानावर पाच आधी पडतात. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे संख्यावाचन आले, तेव्हा आपण पोट धरून हसलो. ती पद्धत बरी की वाईट, हा वाद वेगळा. पण हसणाऱ्यांपैकी कितीजणांनी सात वर्षांच्या मुलाच्या कानाने ‘पंचवीस’ ऐकून पाहिला?

तसे ऐकणारी माणसे आपल्या गावातच होऊन गेली. कादंबरीकार ना. सी. फडके यांच्या कन्या लीलाताई पाटील यांनी शिक्षक घडवण्याचे काम केले आणि १९८५ साली कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. प्राथमिक वर्गांतल्या मुलांमध्ये राहून जे दिसले, ते त्यांनी ‘ऐलमा पैलमा शिक्षणदेवा’सारख्या पुस्तकांतून लिहून ठेवले. २०२० साली त्या गेल्या. एवढ्या जाणत्या बाईंनी लहान मुलांच्या वर्गात आपणच शिकायला बसावे, यातच मला त्या ऋणाची फेड दिसते.

यावर कुणी म्हणेल, ‘आनंद ठीक आहे, पण कष्टाशिवाय विद्या कुठली?’ शंका रास्त आहे. उत्तरासाठी सध्या अंगणात डोकवावे. दिवाळीचा किल्ला करणारी मुले दगड वाहतात, माती चाळतात, ढासळलेला बुरूज तिसऱ्यांदा उभारतात, आणि डोंगरावर मोहरी कधी उगवेल याचा हिशेब करतात. हे कष्ट थोडे नाहीत. पण ते कष्ट त्यांचे स्वतःचे असतात आणि बुरूज ढासळला म्हणून तिथे कुणी कुणाला ‘ढ’ म्हणत नाही. वर्गात मार आणि मानसिक छळ यांवर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी घातली. मनातल्या मनात मुलाला कमी लेखण्यावर कोणता कायदा बंदी घालणार? ते काम तुमचे-माझे आहे.

सुट्टी संपेल, सहामाहीचे तपासलेले पेपर घरी येतील. त्यांतले गुण वाचायला कितीसा वेळ लागतो? नंतर एखादे चुकलेले गणित घेऊन मुलाशेजारी बसावे आणि आवाज न चढवता विचारावे, ‘बाळ, हे उत्तर तू कसं काढलंस?’ आणि मग त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत आपण गप्प राहावे.